मोठ्या पाटीचं कुंकू

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या पेरावर एक चीर होती. तांदळाच्या दाण्याएवढी लांब, कडेला किंचित पांढुरकी. हात पाण्यात असला की ती मऊ पडायची आणि वैरण कापली की पुन्हा उघडायची. संयोगितानं ते बोट फोनच्या मागच्या गोल खाचेवर टेकवलं. फोन थरथरला, पण उघडला नाही. तिनं बोट पदराला पुसून पुन्हा टेकवलं. फोनला ते बोट ओळखू येत नव्हतं. शेवटी आकडे दाबून तिनं तो उघडला, बॅटरी लावली आणि गोठ्यात गेली.

मोरी म्हैस कान हलवत उभी होती. संयोगितानं तिच्यापुढं पेंड-भुशाच्या आंबोणाची पाटी सरकवली, कास धुतली, थानांना तूप लावलं आणि उकिडवी बसली. पलीकडं तिचा नवरा आकाराम डाव्या हातानं शेण ओढत होता. त्याच्या उजव्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

"काय ठरलं मग?" त्यानं विचारलं.

"बघूया की."

"बेंदरापासनं बघतीयास."

पहिल्या धारा बादलीच्या तळाशी वाजल्या. मग फेस धरला आणि आवाज मऊ झाला.

आकारामनं लहानपणापासून अंगठा दुमडून धार काढली होती. आता अंगठ्याचा सांधा सुपारीसारखा वर आला होता आणि कळ कोपरापर्यंत जायची. गडहिंग्लजचे डॉक्टर म्हणाले होते, अंगठ्याला आराम द्या. "देतो की," आकाराम म्हणाला होता, "म्हशीला तेवढं तुम्ही सांगा." डेअरीच्या सेक्रेटरीनं धार काढायचं मशीन सुचवलं होतं. त्यावर आकारामनं हातच झटकला होता. "नळ्या लावल्या तर पान्हा चोरल आणि वर लाथ हाणंल. जन्मात असलं काय बघिटलंय का तिनं?"

तेव्हा त्याच्या डोक्यात दुसरी वाट होती. संयोगिता गावातल्याच शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवत होती. नोकरीची वर्षं पेन्शनपुरती झालेली होती. तिनं स्वेच्छानिवृत्ती घ्यावी आणि दोघांनी मिळून गोठा बघावा, असं त्यानं बेंदराच्या दिवशी बैलांच्या शिंगांना रंग लावता लावता सांगितलं. दरडावून नव्हे, विचारावं तसंच. तिला तिथल्या तिथं नाही म्हणता आलं असतं. मागच्या वर्षी म्हणालीच असती. पण त्याच पावसाळ्यात शाळेत मोठी पाटी आली होती.

*

पाटी हे नाव डिजिटल फळ्याला मुलांनी दिलं होतं. भिंतभर काच, भोवती काळी चौकट, खाली लोखंडी स्टँड. बोटानं लिहिता येई, चित्रं सरकवता येत, हृदय धडधडताना दाखवता येई. हेडमास्तर उदयसिंह सरांनी तिच्यासाठी शिवून घेतलेला निळा कापडी झगा आठवड्यातून एकदा धुतला जाई.

प्रशिक्षण आजऱ्याला झालं. शिकवायला कोल्हापूरहून विश्वजित नावाचा तरुण आला होता. चांगला होता, भरभर बोलायचा. एकेकाला पुढं बोलावून लिहायला लावत होता. संयोगितानं पाण्याच्या रेणूची आकृती काढायला घेतली. दोन वर्तुळं नीट आली. तिसरं काढताना भलतीकडंच एक रेघ उमटली. तिनं ती पुसली तर सगळं चित्र मोठं होऊन काचेबाहेर गेलं.

"काकू, बांगड्या टेकतायत," विश्वजित म्हणाला. "त्यालाही बोटच वाटतं. मागं सारा, नाहीतर काढून ठेवा."

बाकी सगळ्यांना तो सर आणि मॅडम म्हणत होता.

"काढायच्या म्हंजे आधी घरी जाऊन आकारामदाजींना विचारायला लागंल," मागच्या बाकावरून एका गुरुजींनी सांगितलं. सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण संयोगितानं घाईनं बांगड्या वर ओढल्या आणि त्यातली एक वाढली. काचेचा तुकडा टचकन फरशीवर पडला. मनगटावर रक्ताचा ठिपका आला. तिनं वाकून तुकडे गोळा केले, रुमालात बांधले आणि जागेवर जाऊन बसली. रेणू अर्धाच राहिला.

त्यानंतर शाळेत तिनं पाटी वापरली ती चित्रं दाखवायला. लिहायचं असलं की बाजूच्या काळ्या फळ्याकडं जायची. खडूनं हृदयाचे चार कप्पे ती बोलता बोलता काढायची. हात न उचलता. मुलं आधी तिच्या हाताकडं बघायची. आता मान वळवून पाटीकडं बघत, ती कधी लागेल म्हणून. सुटी झाल्यावर पायवाटेनं घरी येताना तिला वाटे, आकाराम म्हणतो ते बरोबर असेल. आपलं होत आलं. पण घरी आल्यावर तोंडातून शब्द निघत नसे.

*

दसऱ्याची सुटी लागायच्या दिवशी शाळेत पाटीपूजन झालं. मुलांनी दप्तरातल्या दगडी पाट्यांवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून आणली होती. उदयसिंह सरांनी मोठ्या पाटीवर बोटानं तशीच सरस्वती काढली. खालच्या बाजूला पाट्यांची रांग, त्यावर झेंडू आणि भाताच्या ओंब्या.

पूजेचा मान शाळा समितीचे अध्यक्ष हंबीरराव यांचा. त्यांनी हळद-कुंकू पाण्यात दाट कालवलं, पाची बोटं बुडवली आणि चौकटीच्या चारी कोपऱ्यांवर ओढली.

"एवढं पुरे, अध्यक्ष," सर म्हणाले. "नाजूक वस्तू हाय."

"सर, यंत्राला नाराज करायचं नसतं. माझ्या ट्रॅक्टरला मी दरसाल ओढतो. आजवर ढकलायला लावलेला न्हाय त्यानं." त्यांनी खालच्या डाव्या कोपऱ्याला बोटं जरा जास्तच दाबली, जिथं मुलांना दिसेल तिथं. मग नारळ फुटला आणि खोबरं वाटलं गेलं.

घरी जायच्या आधी मुलींनी ओल्या फडक्यानं काच पुसली. चौकटीवरच्या कुंकवाला कुणी हात लावला नाही. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

*

सुटीत भात कापणीला आला. परतीचा पाऊस डोंगराच्या पलीकडं घुटमळत होता, म्हणून सगळं घर शेतात उतरलं. आकारामची आई आक्का बांधावर बसून पेंढ्यांसाठी बंद वळत होती. संयोगिता विळ्यानं कापत पुढं सरकत होती. ओल्या चिखलात टाच रुते आणि उपसताना चुपकन आवाज होई. आकाराम डाव्या हातात विळा धरून मागं राहिला होता. त्याची मूठ वाकडी पडे आणि धसकटं उंच राहत.

"न्हाव्याकडं गेलतास का शेतात आलास?" आक्का म्हणाली. "कुठं लांब, कुठं आखूड."

"डाव्या हाताची पहिलीच यत्ता हाय माझी, आक्का. बाई शेजारीच हायत, शिकवतील."

संयोगिता हसली. कंबर सरळ करून तिनं बोटावरची चीर बघितली. तिच्यात भाताचं कूस गेलं होतं. ते काढायला आकारामनं तिचा हात धरला, पण त्याच्या अंगठ्याला चिमूट धरवेना. दोघंही थोडा वेळ त्या बोटाकडं बघत राहिले. मग आक्कानंच उठून कूस काढलं.

"शिक्षण परिषद झाली की सांगते," संयोगिता म्हणाली.

"काय सांगतीस?"

"जे काय ते. शुक्रवारी आमच्या शाळंत हाय. आसपासच्या सगळ्या शाळांचे शिक्षक येणार, आणि मोठ्या पाटीवर पाठ मी घ्यायचा हाय. तेवढं होऊन जाऊ दे."

आकारामनं मान हलवली. तिच्या मनात उत्तर जवळजवळ तयार होतं. पाठ कसाबसा पार पाडायचा आणि मग हो म्हणायचं.

*

शाळा उघडली त्या दिवशी सातवीची क्रांती पळत ऑफिसात आली. "बाई, मोठी पाटी आपोआप लिहितीया."

खरंच लिहीत होती. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ थरथरत उमटत होती, पुसली की पुन्हा येत होती. मधेच पान उलटे. कुणी वर लिहायला गेलं की चित्र फाटल्यासारखं मोठं होई.

"देवी आलीया अंगात," एकजण म्हणाला. मुलं खुदखुदली.

उदयसिंह सरांनी पाटी बंद करून पुन्हा चालू केली. रेघ परत आली. त्यांनी झगा घातला, काढला. मग संयोगिताकडं वळले. "बाई, पूजेच्या आधी वर्गात शेवटचं तुम्हीच वापरलं. काय दाबलंत का?"

"चित्रं दाखवली, सर. आणि बंद केली."

"न्हाय, सहज विचारतोय. बांगडी-बिंगडी…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

कंपनीचा माणूस दिवाळीनंतर येतो म्हणाला. सरांनी ठरवलं, शुक्रवारी पाटी झग्यात ठेवायची आणि बाईंनी खडूनंच पाठ घ्यायचा. "पाहुण्यांना सांगू, लाइट न्हाय."

"बरं," संयोगिता म्हणाली. हायसं वाटायला हवं होतं. वर्गाबाहेर आल्यावर लक्षात आलं की तसं वाटत नाही.

संध्याकाळी ती दुसऱ्या म्हशीला, चांदीला, पिळत होती. बादलीच्या काठाला बांगड्या वाजल्या आणि तिचे हात थांबले. चांदीनं मान वळवून बघितलं.

त्यालाही बोटच वाटतं, असं विश्वजित म्हणाला होता. म्हणजे काचेची बांगडी टेकली तरी चालते. तिनं हात पुसून कनवटीचा फोन काढला, आकडे दाबून उघडला आणि पडद्यावर बांगडी टेकवली. काही झालं नाही. दाबून फिरवली. फोन ढिम्म. बोट टेकवलं तर लगेच हलला.

"काय करतीयास?" आकारामनं विचारलं. "फोनला बांगड्या भरतीयास व्हय?"

"फोनला कातडी लागती," ती म्हणाली. जास्त करून स्वतःशीच. "पाटीला लागत न्हाय. कायबी चालतंय तिला. मग तिला कळतंय काय?"

"म्हशीला कळतंय की धार अर्ध्यात सोडलीया."

तिनं धार पुरी केली. घरात आक्का टीव्हीपुढं बसली होती. संयोगितानं तिच्या हातातला रिमोट घेतला, त्याचं तोंड फोनच्या कॅमेऱ्यापुढं धरलं आणि बटण दाबलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. फोनच्या पडद्यावर मात्र रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकला. कॉलेजात हे ती शिकली होती. पुढं मुलांना शिकवलंही होतं, पुस्तकातून. न दिसणारा उजेड. पाटीच्या चौकटीतही असाच उजेड असेल. तो अडला तर त्याचीही सावली पडणारच.

"माझी मालिका गेली ना गं," आक्का म्हणाली.

"आक्का, पूजेचं कुंकू पुसलं तर काय हुतंय?"

आक्कानं तिच्याकडं नीट बघितलं. "कुणाचं?"

"शाळंतल्या पाटीचं."

"असं पुसायचं न्हाय कधी. आधी हात जोडायचे. आणि तिथलं काढलंस तर दुसरीकडं लावायचं. मान चुकवायचा न्हाय." मग तिनं देवघरातून चार कोऱ्या फुलवाती आणून दिल्या. "फडकं नको. ह्यानं काढ."

*

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधी संयोगिता एकटी वर्गात गेली. झगा काढला, पाटी लावली, खिडक्या ओढून घेतल्या. फोनचा कॅमेरा चौकटीच्या आतल्या कडेजवळ नेला आणि हळूहळू फिरवला. काळ्या पट्टीमागं जांभळट ठिपक्यांची ओळ होती, ज्वारी पेरल्यासारखी सरळ. वरच्या कडेनं अखंड. उजव्या बाजूनं अखंड. खालच्या कडेनं ती डावीकडं सरकत गेली आणि कोपऱ्याजवळ ओळ तुटली. तिथं अंधार होता. कोपऱ्याच्या उभ्या बाजूलाही तसाच.

तिनं फोन खाली ठेवला आणि डोळ्यांनी बघितलं. हंबीररावांची पाच बोटं. ओघळ खाचेत उतरून वाळला होता, त्यावर झेंडूची एक पाकळी चिकटली होती.

तिनं हात जोडले. मग फुलवात ओली करून, पिळून, खाचेत फिरवली. पहिली वात लाल झाली, दुसरी पिवळी, तिसरी गुलाबीसर. चौथी कोरीच राहिली. कोपऱ्यातली रेघ थांबली होती. तिनं बोटानं काचेवर पाण्याचा रेणू काढायला घेतला. मग बांगड्या मनगटावर तशाच राहू देऊन, मुद्दाम एक बांगडी टेकवली आणि तिनंच तिसरं वर्तुळ पुरं केलं. बांगडीनं ते बोटापेक्षा जास्त गोल आलं.

पर्समधल्या डबीतलं कुंकू तिनं लोखंडी स्टँडला लावलं.

उदयसिंह सर दारात उभे होते. किती वेळ, ते तिला कळलं नव्हतं.

"चालली?" ते म्हणाले.

"चालली."

"काय झालतं?"

"शुक्रवारी सांगते, सर. पाठ तोच घेते."

सरांनी मान हलवली. "काल मी बांगडी म्हणालो…"

"बांगडीनंच सांगितलं मला," संयोगिता म्हणाली.

*

शुक्रवारी वर्गाच्या मागच्या भिंतीला लागून शिक्षक दाटीवाटीनं बसले होते. समितीतर्फे हंबीरराव पुढच्या खुर्चीत होते. संयोगितानं खडू घेतला नाही. तिनं मुलांना विचारलं, मोठ्या पाटीवर कशानं लिहिता येईल?

"बोटानं."

"आणखी?"

तिनं टेबलावर वस्तू मांडल्या होत्या. पेन्सिल, चमचा, भाताची ओंबी, खोडरबर. मुलं एकेक उठली. पेन्सिलीनं रेघ उमटली. चमच्यानं उमटली. क्रांतीनं ओंबी टेकवली तर एका वेळी चार-पाच रेघा झाडासारख्या फुटल्या आणि वर्ग हसला.

"टोपीनं येतंय का?" मागून एका गुरुजींनी विचारलं. आजऱ्याला हसवणारे तेच होते.

"या की, सर. बघा करून."

ते लाजत पुढं आले, टोपी काढून काचेला टेकवली. जाड पट्टा उमटला. "आयला," ते म्हणाले आणि टोपी परत घालायची विसरून तसेच उभे राहिले.

"मग हिला बोट ओळखू येतंय का?" संयोगितानं वर्गाला विचारलं.

"न्हाय, बाई."

"मग काय कळतंय?"

खिडक्या बंद झाल्या. फोन हातोहात फिरला. मुलांनी जांभळ्या ठिपक्यांची ओळ बघितली, मग कॅमेरा बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी बघितली आणि पुन्हा कॅमेऱ्यातून बघितली. क्रांती बराच वेळ चौकटीशी वाकून होती. मग सावकाश म्हणाली, "बाई, उजेड हाय, पण आपल्याला दिसत न्हाय. आपण बोट घातलं की तिथं सावली पडतीया. पाटी सावली बघतीया."

"बरोबर. बोट चिरलेलं असू दे, मळलेलं असू दे, तिला चालतंय. सावली पडली की झालं." संयोगितानं आपलं बोट काचेवर टेकवलं. चिरेसकट. निळा ठिपका उमटला.

"एक मिनिट, बाई," हंबीरराव खुर्चीत पुढं सरकले. "म्हंजे परवा पाटी येडी झालती, ती माझ्या कुंकवानं व्हय?"

उदयसिंह सरांनी घसा साफ केला.

"येडी न्हवती झाली, अध्यक्ष," संयोगिता म्हणाली. "तिला वाटलं, कोपऱ्यात कुणीतरी बोट टेकवून उभं हाय. ते लिहीत होतं ते ती इमानानं उमटवत होती."

हंबीररावांनी जरा विचार केला. "म्हंजे त्या दिवशी मीच लिहीत होतो."

"व्हय."

"सातवी नापास माणूस मी," ते मागं वळून सगळ्यांना म्हणाले, आणि पोट हलेपर्यंत हसले. मग गंभीर होऊन विचारलं, "पण कुंकू पुसलं न्हवं?"

"स्टँडला लावलंय. मान चुकवलेला न्हाय."

त्यांनी वाकून स्टँडकडं बघितलं आणि समाधानानं मागं टेकले. "पुढल्या दसऱ्याला बोटं तिथंच ओढू."

चहा पिताना दोन तरुण शिक्षिका संयोगिताजवळ आल्या. हा पाठ आमच्या शाळेत येऊन घ्याल का, असं एकीनं विचारलं. संयोगिता कप हातात धरून म्हणाली, "दिवाळीनंतर." म्हणाली आणि थबकली. दिवाळीनंतर आपण शाळेतच असणार, असं आपण आत्ता बोलून गेलो. पण हे ज्याला सांगायचं तो गोठ्यात होता.

*

ती घरी आली तेव्हा ऊन कलून भिंतीशी टेकवलेल्या सुपाच्या कडेवर आलं होतं. अंगणात भात वाळत घातलेलं होतं आणि आक्का त्यातून पाय ओढत चर पाडत होती. संयोगितानं साडी बदलली, हात धुतले, तुपाची वाटी घेतली.

आकारामनं मोरीची वैरण टाकून ठेवली होती. आज त्यानं विचारलं नाही. तो दावं डाव्या मुठीत धरून म्हशीच्या डोक्यापाशी उभा राहिला आणि तिच्या शिंगांच्या मधे खाजवत राहिला.

"झाला पाठ?"

"झाला."

"बरा?"

"बरा झाला. हंबीररावांनीबी शिकवला थोडा."

"ते आणि काय शिकवणार?"

"सांगते नंतर."

ती उकिडवी बसली. मोरीनं पाय घट्ट रोवले, कान मागं घेतले. पहिल्या धारा वाजल्या, फेस धरला, आवाज मऊ झाला. चिरेला दूध लागून चुरचुरलं. आकारामच्या अंगठ्यावरचं फडकं सुटून लोंबत होतं आणि ते त्याला एका हातानं बांधता येत नव्हतं. तिनं धार पुरी केली, बादली बाजूला ठेवली आणि उठून फडक्याची गाठ मारली. नीट, कळ लागणार नाही अशी.

"म्हशीला जे दिसत न्हाय त्याचं भ्या वाटतं," ती म्हणाली. "आधी नुसता आवाज ऐकवायचा. मग नळी नुसती हुंगू द्यायची. घाई करायची न्हाय."

"कसली नळी?"

आक्का अंगणात थांबली. भातावर तिच्या पायांचे चर सरळ उमटले होते.

"मी शाळा सोडत न्हाय," संयोगिता म्हणाली. "धार काढायचं मशीन आणूया. मोरीला शिकवायचं माझ्याकडं. आणि तुम्हालाबी."